फेस्ताचं वाचन कोण करणार? बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका पॅरिश शाळेचं प्रकरण

आमच्या पॅरिशचं, म्हणजे एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीचं, फेस्त (वार्षिक सण) जानेवारीत असतं. त्याआधी नऊ दिवस नोवेनाची प्रार्थना, आणि त्यातली एक संध्याकाळ मुलांची. त्या दिवशी गाणी मुलांची, अर्पणाची मिरवणूक मुलांची, वाचनही मुलांचंच. त्या वर्षी सिस्टर वाचकांची यादी करायला बसल्या आणि पहिल्याच नावावर अडल्या. वाचन बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातलं होतं, अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसल्याचं. चौथी ते सातवीतली पॅरिशची पोरं एकेक करून पुस्तकासमोर उभी केली. कुणी बोट ठेवून अक्षर अक्षर लावत होतं, कुणी पाठ असल्यासारखं पुढचं काहीतरी ठोकून देत होतं. एक सातवीतला मुलगा, वर्गात पहिल्या पाचात येणारा, 'मृत्युच्छाया' या शब्दापाशी येऊन थांबला तो थांबलाच. 'सिस्टर, हे इंग्लिशमधी लिहून द्या की, म्हणतो मी फडाफडा.'

खिडकीबाहेर आमच्याच शाळेतली सहावीची एक मुलगी कॉन्व्हेंटचं दूध घालून रिकामी बरणी हातात घेऊन उभी होती. मराठा शेतकऱ्याची पोर. तिनं खिडकीतूनच पुस्तकात डोकावून ते वाक्य वाचलं. न अडखळता, स्वल्पविरामाला थांबून, जोडाक्षर नीट फोडून. घरी आजोबा वारकरी, गावात पारायण बसलं की ओव्या वाचायला ही पुढं असते. सिस्टरनी तिला शाबासकी दिली आणि पुस्तक मिटलं. मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तिच्यातलं वाचन ही उपासनेतली सेवा, ती बाप्तिस्मा झालेल्यानं करायची. शेवटी बेळगावात कॉलेज करणाऱ्या एका मुलीनं येऊन वाचन केलं आणि मुलांची संध्याकाळ कशीबशी मुलांची राहिली.

चहाच्या वेळी खजिनदार म्हणाले, 'शाळा आपली, आणि आपल्यात वाचणारं एक पोर नाही?' हे वाक्य पुढच्या पॅरिश कौन्सिलच्या विषयपत्रिकेवर आलं. मी तेव्हा कौन्सिलचा चिटणीस होतो आणि त्याआधी बरीच वर्षं याच शाळेत शिकवलेलं, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पश्चिमेकडच्या पावसाच्या पट्ट्यातलं, भाताचं आणि रताळ्यांचं गाव आहे, एवढं पुरे.

एकाच घंटेची शाळा आणि देऊळ

आमची माणसं गोव्याहून घाट चढून आली. सगळी एकदम नव्हे, एका कारणानंही नव्हे. काही फार पूर्वी, काही लाकडाच्या आणि रेल्वेच्या कामाला लोंढा-कॅसलरॉकच्या बाजूनं. घरात कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड. देवाशी बोलायची भाषा मात्र बराच काळ लॅटिन होती आणि ती फादर सोडून कुणालाच कळत नव्हती. गोव्यातल्या जुन्या पॅरिश शाळांत मेस्त, म्हणजे चर्चचा गायनमास्तर, मुलांना दोतोर्न (धर्माची शिकवण) आणि स्वर शिकवायचा. त्याची एक पुसट नक्कल इकडंही आली: चर्चच्या पडवीत एक मास्तर, एक फळा आणि एक पेटी.

बेळगाव शहरात येशूसंघीयांची, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंची, सेंट पॉल्स ही शाळा 1856 पासून आहे, पण ती कॅम्पातली, इंग्रजीची, साहेबाच्या सावलीतली परंपरा. खेड्यातली पॅरिश शाळा वेगळ्या जातकुळीची. ती मराठी होती, कारण आजूबाजूचं गाव मराठी होतं आणि हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. 1953 साली बेळगाव धर्मप्रांत स्वतंत्र झाला. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली आणि आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. हजेरीपट मराठीत राहिला, तपासणीचा शेरा कन्नडमध्ये यायला लागला. शाळेच्या कपाटात त्या काळातली लॉगबुकं आहेत. एका पानावर दोन्ही लिप्या शेजारी शेजारी नांदताना दिसतात, बाहेर रस्त्यावर तेवढं सोपं नव्हतं.

मग कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजानं लोकभाषेला दार उघडलं आणि पुढच्या काही वर्षांत मिस्सा मराठीत आली. आज हे कुणाला विशेष वाटत नाही, पण तेव्हाच्या पॅरिशपुढं साधा व्यवहारी प्रश्न होता: आता वाचायचं कोणी? म्हातारी माणसं निरक्षर किंवा सहीपुरती साक्षर. ज्यांना देवनागरी सरळ वाचता येत होतं, ती शाळेतली पोरं. आठवी-नववीतली मुलं मंचावर चढून पौलाची पत्रं वाचायची आणि खाली बाकावर त्यांचे बाप पहिल्यांदाच ती ऐकून समजून घ्यायचे. आमच्या वेदीपुढं उभं राहण्याचा मान घराण्यावर किंवा जमिनीवर ठरायचा बंद झाला आणि वाचता येण्यावर ठरू लागला, तो इथून. शाळेनं पॅरिशला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते. दोतोर्न घरीही शिकवता आलं असतं, आमच्या आज्यांनी शिकवलंही.

बाकीचं देणंघेणं इतकं रोजचं होतं की त्याची नोंद कुठंच नाही. चर्चची आणि शाळेची घंटा एकच. सकाळी ती मिस्सेला वाजायची, दहाला शाळेला, बाराला आंजेलूसच्या प्रार्थनेला. लग्नाच्या पंगतीला बाकं शाळेची. मास्तरच पेटी वाजवणार, मास्तरच तलाठ्याकडचा अर्ज लिहून देणार. आणि हजेरीपट. फादरला गावाची खबर या हजेरीपटातून लागायची. एखादं पोर तीन दिवस आलं नाही म्हणजे घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, बाप दारू पिऊन पडलाय किंवा सगळं बिऱ्हाड कामाला गोव्याला गेलंय. चौथ्या दिवशी फादर सायकलवरून त्या घरी. आता फादरकडे मोटारसायकल आहे, व्हॉट्सअॅपवर पॅरिशचा ग्रुप आहे, आणि कोण कुठं गेलं ते महिनाभर कळत नाही.

कोण गेलं, कसं गेलं

ही शाळा पहिली ते सातवी, मराठी माध्यमाची, अनुदानित. पगार सरकारचा, इमारत पॅरिशची, व्यवस्थापन धर्मप्रांताच्या शिक्षणमंडळाचं आणि मुख्याध्यापिका सिस्टर. मी लागलो तेव्हा एकेका वर्गात निम्मी पोरं पॅरिशची असायची. त्या वर्षी पहिलीत सात मुलं होती आणि त्यात पॅरिशचं एक.

आधी गेली ती आखातात कमावणाऱ्यांची मुलं. ते अपेक्षितच होतं. मग गोव्यात हॉटेलात, बोटीवर काम करणाऱ्यांची. मग ज्यांना परवडत नव्हतं त्यांचीही. तालुक्याच्या गावाला इंग्रजी माध्यमाची चांगली शाळा आहे, व्हॅन दारात येते, आणि गणवेशाला टाय आहे. टायचा वाटा हसण्यावारी नेऊ नका. एका आईनं मला सरळ सांगितलं होतं, 'मास्तर, मराठी काय, घरात येतेच की. इंग्लिश कोण शिकवणार? मी?'

तिचं चूक नव्हतं. आमच्या भागात मराठी माध्यमाचा रस्ता दहावीपर्यंत सरळ जातो आणि तिथं एकदम कडा लागतो. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, 625 पैकी 125 गुण पहिल्या भाषेचे, ती मराठी घेता येते, विज्ञान-गणितही मराठीतून देता येतं. पण पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घ्यायचं तर इंग्रजी. बारा वर्षांची पोर 'प्रकाशसंश्लेषण' छान समजावून सांगते आणि सोळाव्या वर्षी तीच पोर इंग्रजी शब्दापुढं मुकी होते. सरकारी नोकरी हवी तर कन्नड पक्कं हवं. म्हणजे मराठीवर उभ्या राहिलेल्या मुलाला दोन्ही बाजूंनी दुसरी भाषा लागते. आईबाप हिशेब करतात, आणि तो हिशेब बरोबर येतो.

माझ्याही घरात तो आला. माझी मुलगी पहिलीपासून त्या टायवाल्या शाळेत गेली. मी रोज मराठी शाळेत शिकवायचो आणि सकाळी तिला व्हॅनमध्ये बसवून मग शाळेत यायचो. सहकारी काही बोलले नाहीत, कारण त्यांचीही पोरं त्याच व्हॅनमध्ये असायची.

या सगळ्यात एक गंमत आहे, आणि ती कौन्सिलच्या बैठकीत कुणी बोलून दाखवेना. टायवाली शाळाही ख्रिस्ती संस्थेचीच. प्रवेशात पॅरिशच्या मुलांना प्राधान्य, फादरचं पत्र नेलं की काम होतं. ही पत्रं आमच्याच फादरनी, आधीच्या फादरनी आणि त्याआधीच्यांनी लिहिली. मी चिटणीस असताना काही मी टाईप केली. म्हणजे पॅरिशनं आपल्या शाळेतून आपली मुलं स्वतःच्या लेटरहेडवर, शिक्का मारून काढून घेतली आणि मग वीस वर्षांनी विचारलं की वाचक कुठं गेले.

वरच्या वर्गातल्या मुलींचंही असंच. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेनं बायका-मुलींना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. चांगलीच गोष्ट झाली, आमच्या गावच्या बायका आता बेळगावच्या दवाखान्यात एकट्या जाऊन येतात. पण पाचवीच्या पुढं ज्या मुली लांबच्या शाळेचं भाडं नको म्हणून आमच्याकडं राहायच्या, त्या आता लाल बसनं तालुक्याला जाऊ लागल्या.

राहिलं कोण? मराठ्यांची, दलितांची, गवळी-धनगरांची मुलं, आणि वीटभट्टीवर हंगामापुरती येणाऱ्या मजुरांची. दुपारी गरम जेवण मिळतं, पुस्तकं सरकारकडून फुकट मिळतात, सिस्टर पोराच्या कानातला पू स्वतः पुसतात. चर्चनं 28 ऑक्टोबर 1965 ला शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्यात कॅथलिक शाळेनं विशेष काळजी कुणाची घ्यावी ते सांगितलंय: जे गरीब आहेत, ज्यांना घराचा आधार नाही, आणि ज्यांच्याकडं हा विश्वास नाही. त्या मोजपट्टीनं आमची शाळा रिकामी झालेली नाही, उलट नेमकी भरली आहे. सिस्टरनी बैठकीत हेच सांगितलं. त्यावर खजिनदार म्हणाले, 'सिस्टर, ते खरं. पण छपराची कौलं कोण बदलणार? विश्वास नसलेले?'

बैठक

बैठक सुगीनंतरच्या रविवारी मिस्सेनंतर, सातवीच्या वर्गात झाली. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे वर काढून बसली होती, त्यामुळं कुणाला फार आवेशात बोलता आलं नाही.

पहिला प्रस्ताव इंग्रजी माध्यमाचा. पहिलीपासून इंग्रजी करा, पोरं परत येतील. आखातात राहून आलेल्या दोघांनी तो हिरिरीनं मांडला. त्यांनी आकडेमोडही आणली होती, व्हॅनला महिन्याला किती जातात, फीला किती जातात, तेच इथं द्या. कायदा आड येत नव्हता. 6 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितलंय की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सरकारला सक्तीचं करता येत नाही. त्याच दिवशी त्याच पीठानं दुसऱ्या निकालात अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळलं. म्हणजे माध्यम बदला, कुणी अडवणार नाही. अडवणार तो पैसा. मराठीच्या तुकड्यांना पगार सरकार देतं. नव्या इंग्रजी तुकड्यांना अनुदान नाही, शिक्षक पॅरिशनं नेमायचे आणि फीतून पोसायचे. फी लावली की आज आहेत ती गवळ्याची आणि भट्टीवरची पोरं जाणार. आणि टायवाल्या शाळेतून परत कोण येणार, तर प्रस्ताव मांडणाऱ्यांनाही खात्री देता येईना. 'माझा धाकटा आता आठवीत, त्याला कशाला हलवू?' असं त्यातले एक बोलून गेले.

दुसरा प्रस्ताव कुणी उभं राहून मांडला नाही, पण तो वर्गात हजर होता: शाळा हळूहळू बंद करावी, इमारतीचा हॉल करावा. लग्नाला भाड्यानं देता येईल. यावर गावातलेच, पण पॅरिशबाहेरचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना फादरनी मुद्दाम बोलावलं होतं, ते फक्त एवढं म्हणाले, 'सीमाभागात मराठी शाळेला कुलूप लागलं की ते कुणी लावलं हे विचारतात, का लागलं हे नाही विचारत.' सगळे गप्प झाले. इथं शाळेचं माध्यम ही नुसती शाळेची बाब नसते. एका बाजूनं म्हणणार, मिशनऱ्यांनी मराठी शाळा मारली. कायम ठेवली तर दुसऱ्या बाजूचे म्हणणार, कर्नाटकात राहून कन्नड का नाही. तसं बघितलं तर 2015 च्या कायद्यानं कन्नड सगळ्याच शाळांत शिकवावं लागतं आणि आमची पोरं ते बऱ्यापैकी शिकतात. पण पाटीवर कोणती अक्षरं किती मोठी, यावरून दगड उचलणाऱ्यांना आतल्या पाढ्यांशी देणंघेणं नसतं.

तिसरी गोष्ट एका तरुणानं काढली. शाळा आपली आहे तर सकाळच्या परिपाठात बायबलवाचन सुरू करा, पॅरिशच्या मुलांना सवय होईल. फादरनी त्याला तिथंच थांबवलं. अनुदानित शाळेत कुणाही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, घटनेचं कलम 28 आहे. आणि वर्गात पॅरिशचं मूल एकच, सवय नेमकी कुणाला लावणार? दुसरी भीती फादरनी आवाज खाली करून सांगितली. धर्मांतराविरुद्धचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते इथं बेळगावातच, सुवर्णसौधाच्या अधिवेशनात, डिसेंबर 2021 मध्ये. 2022 च्या त्या कायद्यात 'आमिष' या शब्दाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या शाळेतलं फुकट शिक्षणही घातलेलं होतं. जून 2023 मध्ये मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं खरं, पण ज्या फादरनी ती दोन वर्षं शाळेच्या भिंतीवरचा क्रूस राहू द्यावा की काढावा यात काढली, त्यांच्या मनातून तो शब्द जात नाही. खिडकीतून यशया वाचणाऱ्या त्या मुलीची शाबासकीसुद्धा सिस्टरनी हळू आवाजात दिली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दोन तास झाले. शेवटी एक म्हातारी दोतोर्नबाई, जिनं आमच्या तीन पिढ्यांना पहिल्या कम्युनियनसाठी (पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेण्यासाठी) तयार केलं, ती उठली. तिच्या हातात एका मुलाची वही होती. त्यात स्वर्गातील बापाची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार, पश्चात्तापाची प्रार्थना, सगळं मराठीत, पण रोमी अक्षरांत लिहिलेलं. 'तुम्ही शाळेचं बोला, मी वाचनाचं बोलते,' ती म्हणाली. 'ह्याला अर्थ कळतो, तोंडानं म्हणतो. पण पुस्तक समोर धरलं की ह्याच्या हातात नुसता कागद असतो. सहा महिन्यांत ह्याला वाचता आलं पाहिजे. शाळेचं तुम्ही सहा वर्षं ठरवत बसा.'

मला त्या वहीकडं बघून विचित्र वाटलं. गोव्यात आमच्या पूर्वजांनी कोकणी रोमी अक्षरांत लिहिली. ते ज्या काळात घडलं त्याच काळात, 1616 साली, थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज येशूसंघीयाचं ख्रिस्तपुराण गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, मराठी ओव्यांत. तेही छापलं रोमी लिपीतच, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्यांच्याकडं खिळे नव्हते. आमच्या मुलांच्या बाजूलाच देवनागरी शिकवणारी शाळा उभी आहे.

ठरलं ते

माध्यमाचा विषय पुढं ढकलला. ही आमची जुनी खोड, पण या खेपेला ती उपयोगी पडली, कारण मग छोट्या विषयावर एकमत झालं. रविवारी दोतोर्नच्या आधी अर्धा तास वाचनवर्ग. शिकवणार कोण? दोतोर्न शिकवणाऱ्या मुली स्वतःच इंग्रजीत शिकलेल्या. शाळेतल्या पहिली-दुसरीच्या बाईंना विचारायचं ठरलं. बाई पॅरिशच्या नव्हेत, शेजारच्या गावच्या, घरी गणपती पाच दिवसांचा. त्यांना रविवारी चर्चच्या आवारात येऊन शिकवायला सांगणं बरं दिसेल का, यावरच अर्धा तास गेला. सिस्टर त्यांच्याकडं गेल्या. बाई म्हणाल्या, 'येते की. पण बायबल नको, मी माझ्या पुस्तकानं शिकवणार.'

पहिल्या रविवारी अकरा मुलं आली. बाईंनी पहिलीचं मराठी पुस्तक उघडलं आणि सातवीतली पोरं लाजेनं लाल झाली. दुसऱ्या रविवारी सहा. त्यातली दोन बाहेर क्रिकेट खेळायला निसटली. हे असं चाललं तर लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, आत वर्ग मोडणार हे दिसत होतं. तोडगा बाईंनीच काढला, आणि तो कुठल्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातला नव्हता: तरुण भारतचं खेळाचं पान. धावसंख्या बघायला पोरं तसंही पेपर हिसकावतात. 'चौकार', 'षट्कार', 'त्रिफळाचीत', 'यष्टिरक्षक'. जोडाक्षरं जेवढी क्रिकेटच्या पानात आहेत तेवढी पौलाच्या पत्रांतही नसतील. मग आठवड्याचे बाजारभाव, मग निधनवार्ता, ज्या गावात सगळेच वाचतात. बायबलला हात महिन्यानंतर लागला आणि तोही एका मुलानं स्वतः आणून दिलं म्हणून.

मार्चमध्ये परीक्षा आल्या आणि तीन मुलं गळाली. एकीचे वडील पणजीला बदलले, ती गेली. एका पालकानं तक्रार केली की रविवारीही शिकवणी कशाला, आणि ही तक्रार वर्षभर व्हॅनची फी वेळेवर भरणाऱ्यानं केली, म्हणून ती गंभीर मानली गेली. फादरनी त्यांच्या घरी जाऊन जेवण केलं. तक्रार राहिली, मूल येत राहिलं.

आता ईस्टरच्या जागरणविधीचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या रात्री नव्या करारातल्या वाचनांआधी जुन्या करारातली सात वाचनं असतात. अडचण असेल तर कमी करता येतात, पण तीनच्या खाली जायचं नसतं आणि समुद्र दुभंगल्याचं, निर्गमाच्या पुस्तकातलं वाचन काही झालं तरी गाळायचं नाही. आमच्याकडं गेली कित्येक वर्षं तीनच व्हायची. कारण सांगताना आम्ही म्हणायचो, लोकांना उशीर होतो, शेवटची बस जाते. शेवटची बस संध्याकाळी सातलाच जाते आणि जागरणविधी रात्री दहाला सुरू होतो, हे कुणी कधी कुणाला विचारलं नाही.

त्या वर्षी पाच झाली. त्यातली तीन वाचनवर्गातल्या पोरांनी केली. निर्गमाचं वाचन 'मृत्युच्छाये'पाशी अडलेल्या त्या मुलाला दिलं, आणि ते मोठं आहे. मेणबत्त्यांच्या उजेडात त्यानं पानावर बोट ठेवून, ओळ सुटू नये म्हणून, सावकाश वाचलं. दोन ठिकाणी थांबला. एकदा 'इस्राएल'ला आणि एकदा फारोच्या रथांपाशी, तिथं त्याला हसू आलं असावं. बाई मागच्या दाराशी, बाहेरच्या पायरीवर उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. मुलगा थांबला तेव्हा त्यांचे ओठ हललेले मी पाहिले.

शाळेचं म्हणाल तर माध्यमाचा विषय अजून पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर आहे. सेवानिवृत्त झालेल्या एका शिक्षिकेची जागा भरायच्या परवानगीची फाईल कचेरीत आहे, तोवर तिच्या जागी आलेल्या मुलीचा पगार पॅरिश देते, त्यासाठी फेस्ताचा बँड यंदा कमी माणसांचा आणला. फादरनी टायवाल्या शाळेसाठी पत्रं देणं थांबवलेलं नाही. मीच त्यांना तसं सुचवलं होतं. ते म्हणाले, 'मास्तर, तुमच्या मुलीचं पत्र कुणी दिलं होतं?'

जूनमध्ये पहिलीत नऊ मुलं आली. पॅरिशची दोन. एक दोतोर्नबाईची पणती. दुसऱ्याचे आईबाप वीटभट्टीवर आहेत, झारखंडकडचे, कॅथलिक, मराठीचं एक अक्षर येत नाही. पाऊस लागला की भट्टी बंद होते, तरी ते यंदा गेले नाहीत. पोरगं बाईंच्या वर्गात पुढच्या बाकावर बसतं आणि 'क' काढताना कान्याची रेघ खालून वर ओढतं.